मराठी वाङ्मयांतील माळ आणि माळढोक

मराठी वाङ्मयांत पक्ष्यांची वाण आहे असें कोणी म्हणणार नाहीं. हंस, चातक, चकोर, कोकिळ यांचे थवे आमच्या काव्यांतून पिढ्यान्‌पिढ्या उडत आले आहेत. परंतु त्यांतील बहुतेक संस्कृत काव्याच्या संकेतांतून आलेले. स्वतः उन्हांत उभें राहून पाहिलेले पक्षी फार थोडे. हा दोष केवळ रसिकतेचा नव्हे. त्याचे परिणाम सृष्टीस भोगावे लागले आहेत, असें आमचें मत आहे.

सोलापूरजवळील नान्नजचा माळच घ्या. चंडोल, धाविक, पखुर्डी, हिवाळ्यांत येणारे भोवत्ये आणि या सर्वांचा राजा माळढोक, हें या माळाचें वैभव. माळढोकाची उंची सुमारें १ मीटर, नराचें वजन १५ किलोपर्यंत. मादी बहुधा एकच अंडें उघड्या जमिनीवर घालते. अशा भूमीचें वर्णन करतांना आमचे लेखक 'ओसाड', 'उजाड', 'भकास' या विशेषणांपलीकडे क्वचितच जातात. सरकारी दप्तरांत तीच जमीन 'पडीक' ठरते. ओसाड म्हटलें कीं ती 'सुधारणें' ओघानेंच आलें! मग कोठें नांगर फिरतो, कोठें ऊंस येतो, तर कोठें हिरवळीच्या हौसेनें झाडें लावलीं जातात. पण या पक्ष्यांस झाडें नकोत, मोकळें गवत हवें. त्यांतच विजेच्या तारा. जड अंगाच्या माळढोकास समोरचें नीट दिसत नाहीं व तो त्यांवर आदळून मरतो.

१९७९ सालीं येथें अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर ठरलें व त्यांत गांवें, शेतेंही आलीं. शेतकऱ्यांचा रोष ओढवला. पुढें तें क्षेत्र पुष्कळच घटवावें लागलें. आज तेथें एखादा माळढोक दिसणें हीच बातमी होते.

यावर कोणी व्यंकटेश माडगूळकरांचें नांव पुढें करील. तें योग्यच आहे. परंतु 'बनगरवाडी'चा माळ मुख्यतः धनगरांचा व मेंढरांचा आहे. दुसरा सन्मान्य अपवाद कै. मारुती चितमपल्ली यांचा. १९३२ सालीं सोलापुरांत जन्मलेल्या व २०२५ सालीं तेथेंच निवर्तलेल्या या वनाधिकाऱ्यानें 'पक्षीकोश' रचला, बगळ्यांच्या वसाहतीस 'सारंगागार' हा शब्द दिला. शब्द मिळाला म्हणजे वस्तु दिसूं लागते. मात्र वनास आणि तळ्यास जी भाषा लाभली, ती माळास अद्याप लाभावयाची आहे.

वाङ्मयानें पक्षी वांचतात काय, असा प्रश्न होईल. एकट्या वाङ्मयानें नाहीं वांचत. परंतु अधिकारी काय नि शेतकरी काय, दोघेही भाषेंतच विचार करतात. म्हणून आमच्या लेखकांस एवढीच विनंति कीं, माळास पुनः ओसाड म्हणण्यापूर्वीं हस्ताचा पाऊस सरल्यावर एक सकाळ त्यांनीं तेथें काढावी.