गंगाजळी आणि वारस

ग्वाल्हेरच्या किला गेटातून गूजरी महालावरून जाणारी किल्ल्याची चढण पायीच चढावी लागते. ती चढताना आमच्या मनात घोळत होते ते राजमाता विजयाराजे शिंदे यांचे आत्मचरित्र. मनोहर माळगावकरांच्या साहाय्याने सिद्ध झालेला हा इंग्रजी ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध झाला. माळगावकर आमच्याच कारवार मुलखातले. लेखन सफाईदार आहे हे निराळे सांगावयास नको.

त्यातील खजिन्याची हकीकत मोठी रंगतदार आहे. शिंद्यांचे गुप्त द्रव्य, म्हणजे ‘गंगाजळी’, या किल्ल्याच्या तळघरांत असे. तेथे पोचण्याचे ‘बीजक’ महाराजांनी केवळ वारसाच्या कानी घालावे असा परिपाठ. किल्ला १८५८ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. झाशीच्या मोबदल्यात तो १८८६ मध्ये परत मिळाला आणि त्याच वर्षी जयाजीराव निवर्तले. माधवराव तेव्हा अवघे नऊ वर्षांचे. बीजक सांगावयाचे राहून गेले!

द्रव्य पुढे हाती लागले आणि त्याची कथा अद्भुतरम्य झाली. आमची तक्रार येथेच आहे. निरूपण खजिन्याच्या नवलात रमते. पित्याच्या अखेरच्या दिवसांत पुत्राकडे सर्वांची दृष्टी केवळ किल्लीचा धनी म्हणून लागली असेल काय, हा प्रश्न त्यास शिवत नाही. मरणाऱ्याच्या मुखी घालावयाच्या गंगोदकावरून ज्या ठेव्यास नाव मिळाले, तो पितापुत्रांच्या अखेरच्या भेटीत असा आडवा यावा! आमच्या समाजातही ठेवीच्या पावत्या लपवून ठेवणारे वडील आणि त्यांच्या तेराव्याला कपाटे उपसणारे भाऊ आम्ही पाहिले आहेत.

माधवरावांनी मात्र द्रव्य कोंडून ठेवले नाही, हे त्यांच्या गौरवार्थ नमूद केले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांच्या पोलाद कारखान्यास खेळत्या भांडवलाची अडचण पडली, तेव्हा ४ लाख पौंडांचे सगळे कर्जरोखे त्यांनी एकट्याने घेतले.

याच घराण्यात पुढे विजयाराजे आणि त्यांचे पुत्र, दुसरे माधवराव, यांच्यात वितुष्ट आले. त्यास द्रव्यच कारण झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. माता जनसंघाची, पुत्र काँग्रेसचा, हा भेद उघड होता. तथापि मिळकतीचे तंटे न्यायालयापर्यंत गेले, आणि ज्या वर्षी हे आत्मचरित्र निघाले त्याच वर्षी राजमातांनी स्वहस्ते मृत्युपत्र लिहून पुत्राने आपले अंत्यसंस्कार करू नयेत अशी इच्छा नोंदविली. ग्रंथाच्या दिमाखदार पानांशेजारी तो कागद ठेवून वाचला, म्हणजे वाड्याच्या वैभवाची वर्णने आम्हांस फिकी वाटू लागतात.

जानेवारी २००१ मध्ये राजमाता निवर्तल्या. अग्नी दिला तो पुत्रानेच. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर विमान अपघातात तोही गेला.