शिवराईवरचा अर्धा ‘श्री’

शिवराईच्या एका अंगाला तीन ओळी असतात: श्री, राजा, शिव. दुसऱ्या अंगाला दोन: छत्र, पति. भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. पुस्तकात हे वर्णन सोपं वाटतं, पण एवढं सगळं एकाच नाण्यावर क्वचितच बघायला मिळतं. कुठे ‘श्री’ची वेलांटी वरच्या काठावरून निसटलेली, कुठे ‘राजा’तला ‘रा’ अर्धाच, कुठे ‘छ’चा पत्ता नाही, आणि ठिपके तर एखाद्या बाजूला चार-पाच उरलेले. पुण्याच्या जुन्या बाजारात अशी नाणी चाळणारा हमखास म्हणतो, “झिजलीय, अक्षरं गेलीत.” बहुतेक वेळा ती अक्षरं त्या तांब्यावर कधी उमटलेलीच नसतात. न उमटलेलं अक्षर आणि पुसलेलं अक्षर यांतला फरक डोळ्याला कळायला लागला, की शिवराई वाचण्याची खरी गोडी लागते.

1674 साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही त्या राज्याची नाणी. होन फार थोडे उरले. शिवराई मात्र पुढे सातारकर छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात, अगदी एकोणिसाव्या शतकातही पडत राहिली. पेशवाईत टांकसाळीचे परवाने खासगी माणसांनाही मिळत. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या नाण्यांवरच्या निबंधात या कारभाराची तपशिलात माहिती दिली आहे. म्हणजे गावोगावचे हात, गावोगावचे ठसे. काम मात्र सगळीकडे एकाच रीतीचं. खालचा ठसा पक्का बसवलेला, वरचा हातात धरलेला, मध्ये तांब्याची चकती आणि वरून घण. चकती ठशापेक्षा लहान, शिवाय गोल असेलच असं नाही. त्यामुळे ठशावर मजकूर पूर्ण असला तरी चकतीला जेवढा भाग लागला तेवढाच तिच्यावर आला.

आता त्या अर्ध्या ‘श्री’कडे भिंगातून बघू. काठाशी तुटलेलं अक्षर तुटेपर्यंत ठसठशीत आहे का? उंची तीच, कडा तीच, आणि काठ आला म्हणून अचानक संपलंय? मग ते टांकसाळीतच तसं जन्मलं. काठाजवळच्या रेषा जरा बाहेरच्या बाजूला फाकलेल्या दिसल्या, तर शंकाच नको. घणाखाली तांबं बाहेर पळतं आणि अक्षरालाही सोबत ओढतं. झिजेने गेलेलं अक्षर असं वागत नाही. ते आधी उंचीने कमी होतं, मग कडा बोथट होतात, मग नुसती सावली उरते. आणि त्याच्या शेजारचं अक्षरही थोडंफार झिजलेलं असतं. कानशीने घासलेल्या नाण्याच्या काठावर एका दिशेचे ओरखडे दिसतात.

काठाला पडलेल्या चिरांचंही असंच. जोरात घाव बसला की चकतीची कड फाटते. अशी चीर काठाशी रुंद आणि आत जाताना निमुळती होते, तिच्या दोन्ही बाजूंचं अक्षर एकमेकांपासून किंचित सरकलेलं असतं, पण दोन्ही तुकडे आपापल्या जागी नीट उभे असतात. नांगराचा फाळ किंवा कुदळीचं टोक लागलं तर धातू एका अंगाला लोटला जातो. तिथे खाच असते, खाचेच्या कडेला वर आलेली वळी असते, आणि त्या वळीखाली अक्षर चिरडलेलं असतं. उंचवटा आणि खळगा यांचा हिशोब सतत मनात ठेवावा लागतो. ठशाला तडा गेला तर त्या फटीत तांबं शिरतं, म्हणून नाण्यावर उठावाची वेडीवाकडी रेघ येते. ओरखडा नेहमी आत खणलेला असतो. दुदांडी शिवराईवरच्या दोन आडव्या रेघाही उठावाच्याच, पण त्या कारागिराने मुद्दाम कोरलेल्या. त्यांना तडा समजणारे मी पाहिले आहेत.

यातला सगळ्यात खात्रीचा पुरावा मात्र एका नाण्यात नसतो. 1955 साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एक ठसा बनवतानाच त्यावर दोन छाप जरा फिरून उमटले. त्या ठशाने पडलेल्या प्रत्येक लिंकन सेंटवर साल आणि अक्षरं दुहेरी आहेत, आणि सगळ्यांवर ती सारखीच दुहेरी आहेत. ठशातला दोष जुळ्यांसारखा पुन्हा पुन्हा भेटतो. शिवराईलाही हे लागू आहे. ‘शिव’च्या ‘व’मधून जाणारी तीच उठावाची रेघ दुसऱ्या नाण्यावर नेमक्या त्याच जागी दिसली, की दोन्ही एका ठशाची लेकरं ठरतात. घणाचा दोष मात्र एकदाच होतो, आणि जमिनीने केलेली इजाही एकदाच होते. त्यामुळे या दोघांत निवाडा करायचा तर त्या एकट्या नाण्याचीच साक्ष काढावी लागते.

माझ्यापुढे आत्ता अशीच एक शिवराई आहे. तिच्यावर ‘राजा’ दोनदा आहे. एक सरळ, ठळक. दुसरा त्याच्याखालून तिरका डोकावणारा, चपटा झालेला. खालचा ‘रा’ खरवडलेला नाही, तो दाबला गेलाय. त्याची काठी वरच्या ‘जा’खाली जाते आणि पलीकडे पुन्हा निघते. पहिला घाव बसला, हातातला ठसा जरा फिरला, दुसरा घाव पडला. क्रम डोळ्यांनी वाचता येतो: आधी कुठला, नंतर कुठला, आणि दुसरा घाव जास्त जोराचा होता हेसुद्धा. डाव्या अंगाला दुसऱ्या घावाचा जोर पोचलाच नाही, तिथे पहिला ‘श्री’ जसाच्या तसा ताजा आहे. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या एका कारागिराच्या हाताची एवढी बारीक हालचाल दुसऱ्या कुठल्या वस्तूत इतकी स्पष्ट टिकली असेल असं मला वाटत नाही. बखरीत त्याचं नाव नाही, हिशेबात त्याची मजुरी असेल. त्याचा फिरलेला हात मात्र इथे आहे.

कधी कधी नाण्याच्या एका अंगावर अक्षरं उलटी आणि खोलगट दिसतात. आधीचं नाणं वरच्या ठशालाच चिकटून राहिलं आणि नव्या चकतीवर त्याच नाण्याचा छाप बसला, तर असं होतं. अशा वेळी त्या अंगावर मूळ मजकुराचा मागमूसही नसतो. पण दोन तयार नाणी नंतर एकमेकांवर ठोकली असतील, तर खोल अक्षरांच्या मधून मूळची चेपलेली अक्षरं चुगली करतात.

हिरव्या पुटांवर मात्र फार विसंबू नये. चिरेच्या आतही काठासारखाच हिरवा आणि तांबूस थर असेल, तर इजा जुनी आहे एवढंच सिद्ध होतं. शंभर वर्षांपूर्वी लागलेल्या फाळाची खूणही एव्हाना हिरवी झालेली असते. आतून लाल तांबं चमकत असेल तर घाव कालपरवाचा. आणि हे सगळं वाचायचं असेल तर चिंच, लिंबू, ब्रासो यांना नाण्याच्या आसपास फिरकू देऊ नये. घासून लखलखीत केलेली शिवराई बघितली की मला खरोखर वाईट वाटतं. फाकलेल्या रेषा, चिरेचे काठ, पुटांचे थर, सगळी साक्ष त्या एका धुण्यात वाहून जाते.

मेटल डिटेक्टर घेऊन गडांवर हिंडणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं. ते यंत्र जमिनीत धातू आहे एवढं सांगतं. संरक्षित गडावर परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे, आणि 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये डिटेक्टरवाल्यांना सापडलेल्या वस्तूंची जागेसकट नोंद करण्याची योजना 1997 पासून चालू आहे. आपल्याकडे शिवराई सापडते, पिशवीत जाते, बाजारात येते आणि जागा विसरली जाते. नुकसान फक्त कायद्याचं होत नाही. ‘व’मधून तोच तडा गेलेली एक शिवराई घाटावर आणि तिची जुळी कोकणात निघाली, दोन्ही जागा लिहून ठेवलेल्या असल्या, तर एका ठशाचा पैसा कुठून कुठवर फिरला हे त्या दोन तांब्याच्या तुकड्यांवरून सांगता येईल.