गायतोंडे यांची चित्रे आणि 'सुञ्ञता'

वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या चित्रांविषयी लिहिताना 'शून्य', 'ध्यान', 'मौन' हे शब्द इतक्या सहजपणे योजले जातात की पालीच्या अभ्यासकाने तेथे थांबणे भाग आहे. झेन विचाराचे ऋण गायतोंडे यांनी स्वतःच मान्य केले होते, आणि 'झेन' हा शब्द मुळात संस्कृत 'ध्यान', म्हणजेच पालीतील 'झान', याचेच रूप होय. आमचा आक्षेप आहे तो या शब्दांच्या सैल वापराला.

मज्झिमनिकायातील चूळसुञ्ञत सुत्तात तथागत आनंदांना शून्यता समजावून सांगतात, ती समोरच्या प्रासादावरून. हा प्रासाद हत्ती, गायी, घोडे, सोने-रुपे यांनी रिता आहे. परंतु भिक्खुसंघ येथे आहे, म्हणून तेवढ्यापुरता तो रिता नाही. पुढे साधक गावाची संज्ञा सोडतो, अरण्याची धरतो. तीही सोडून पृथ्वीची धरतो. प्रत्येक पायरीवर जे नाही ते नाही म्हणून, आणि जे उरले ते आहे म्हणून जाणायचे. ही शून्यता म्हणजे धुके नव्हे. तो काटेकोर हिशेब आहे.

गायतोंडे यांचा प्रवास या हिशेबाशी ताडून पाहण्याजोगा आहे. १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडलेल्या या चित्रकाराच्या आरंभीच्या कामात लघुचित्रांचे सपाट रंग आणि मानवाकृती आहेत. पॉल क्ले यांच्या परिचयानंतर आकृती सुटली, चिन्ह उरले. पन्नाशीच्या दशकाअखेरीस चिन्हही मागे पडले. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, त्यापूर्वीच रोलर आणि रंगसुरी ही त्यांची मुख्य साधने झाली होती. रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, कागदाचे तुकडे दाबून रंग उचलून घ्यायचा. उरतो तो रंग आणि त्यातून पाझरणारा प्रकाश. 'अमूर्त' ही संज्ञा नाकारून ते आपल्या चित्रांना 'वस्तुनिरपेक्ष' म्हणत. त्यांचा हा आग्रह आम्हांस योग्य वाटतो.

साम्य येथेच संपते. सुत्तातील साधक शेवटी आपली समाधीही घडवलेली आणि म्हणूनच अनित्य आहे, असे जाणतो. चित्र तेथवर जात नाही. ते भिंतीवरची वस्तू राहते, आणि २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात अशा एका वस्तूला २३ कोटींहून अधिक रुपये मोजले गेले.

ज्यांच्या पूर्वजांवर मौन लादले गेले, त्यांनी या मौनाचे कौतुक का करावे, असा प्रश्न आमचे वाचक करतील. तो रास्त आहे. लादलेले मौन आणि निवडलेले मौन एक नव्हे, आणि दुसरे सर्वांच्या वाट्याला येत नाही, हे चित्रसमीक्षेने मान्य करावयास हवे. त्याऐवजी ती या चित्रकाराला ऋषी ठरवते आणि त्याच्या प्रकाशात आत्मा शोधते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ज्या आत्म्याला निरोप दिला, त्याला बुद्धाच्याच नावाने चौकटीत परत आणणे आम्हांस मान्य नाही.

१९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही काळ थांबले, तेव्हा गायतोंडे यांनी कागदावर शाईने लहान चित्रे काढली. लिपीसारख्या, पण कोणत्याही लिपीच्या नसलेल्या त्या खुणा. समीक्षक त्यांच्याकडे धावतच पाहतात, कारण तेथे भाविकासाठी तेजोवलय नाही; केवळ काळे आणि कोरे. आम्हांस मोठ्या कॅनव्हासांहून तेच कागद सुत्ताच्या अधिक जवळचे वाटतात.