आगरकरांचे १०१ दिवस

गोपाळ गणेश आगरकर यांचें ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ हें लहानसें पुस्तक १८८२ सालचें. आम्हां वऱ्हाडकरांस त्याची थोडी घरगुती ओढ आहे. आगरकर मॅट्रिक झाले ते १८७५ सालीं अकोल्याहून, आणि ‘केसरी’चे संपादक होण्यापूर्वीं त्यांनीं अकोल्याच्या ‘वऱ्हाड-समाचारा’साठीं लेखणी चालविली होती. परंतु आपुलकी निराळी व परीक्षण निराळें.

मूळ खटला थोडक्यांत असा. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असून त्याच्या मुळाशीं दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनीं केला. ज्या चिठ्ठ्यांच्या आधारावर तो केला, त्या बनावट निघाल्या. आगरकर व टिळक यांनीं माफी मागितली. तथापि फिर्याद चालली आणि जुलै १८८२ मध्यें मुंबईच्या हायकोर्टांत दोघांस चार चार महिन्यांची साधी कैद झाली. २६ ऑक्टोबर रोजीं ते सुटले.

पुस्तकाचा मोठा गुण हा कीं, त्यांत रडगाणें नाहीं. कोठडींत कोंडलेले दोन पदवीधर मित्र देशस्थितीवर तावातावानें वाद घालतात, आणि आपल्या हालांकडेही आगरकर विनोदानें पाहतात. याच मुक्कामांत त्यांनीं ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचें काम केलें, तें पुढें ‘विकारविलसित’ या नांवानें प्रसिद्ध झालें.

परंतु या गुणांतूनच एक दोष उद्भवतो. कैद्यांबरोबर हंसतां हंसतां वाचक फिर्यादीस विसरतो. १९०८ सालीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली ती मतांबद्दल. १८८२ ची झाली ती एका मनुष्याविषयींच्या विधानांबद्दल. या दोहोंस एकाच माळेंत ओवणें आम्हांस मान्य नाहीं. मतास पुरावा लागत नाहीं, आरोपास लागतो. महाराजांविषयींची काळजी अनाठायीं नव्हती. १८८३ सालीं अहमदनगर येथें एका गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. तरी तेवढ्यानें खोटी चिठ्ठी खरी ठरत नाहीं. १८६० च्या दंडसंहितेंत अब्रुनुकसानीच्या आरोपास सद्भावनेचा बचाव होता. पण योग्य काळजी घेतल्यावांचून केलेल्या गोष्टीस ती सद्भावना म्हणत नसे.

तथापि कायद्याचेंही एक अपयश हें पुस्तक नकळत दाखवितें. कैदेनें संपादकांची कीर्ति वाढली. बर्व्यांच्या नांवास मात्र त्यानें काय मिळालें? लोकांच्या स्मरणांत १०१ दिवस राहिले, चिठ्ठ्या बनावट होत्या ही गोष्ट राहिली नाहीं. ज्याची अब्रू गेली त्यास ठळक खुलासा व भरपाई हवी असते. दुसऱ्याच्या तुरुंगवासानें ती परत येत नाहीं.

हा प्रश्न जुना झालेला नाहीं. अब्रुनुकसानी फौजदारी गुन्हा राहणें घटनेस धरून आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्यें दोन वर्षांपर्यंतची साधी कैद कायम असून समाजसेवेची शिक्षा नव्यानें आली आहे. आमच्या मतें कैद वगळणेंच इष्ट होतें.

घरोघरीं हें पुस्तक अवश्य वाचावें. मात्र मुलांच्या हातीं देतांना कोठडीबाहेरच्या त्या दिवाणाचीही हकीकत त्यांस सांगावी.