लेस्ली स्टीफन : टीका आणि चरित्र यांमधील एकसूत्र

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकाला लेस्ली स्टीफन (१८३२–१९०४) यांचे नाव बहुधा तीन निरनिराळ्या संदर्भांत आढळते. विचारांच्या इतिहासात ते अठराव्या शतकाचे भाष्यकार म्हणून येतात, चरित्रवाङ्मयात ‘डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी’ या कोशाचे पहिले संपादक म्हणून, आणि कादंबरीच्या इतिहासात व्हर्जिनिया वुल्फ यांचे वडील म्हणून. टीकाकार स्टीफन मात्र या तिहींच्या मागे झाकला जातो. त्यांची टीका नीतिवादी आहे, कलाकृतीच्या घाटाकडे तिचे लक्ष नाही, असा शेरा मारून तिची बोळवण करण्याचा प्रघात आहे. हा शेरा सर्वस्वी खोटा नव्हे. परंतु या टीकेमागील प्रेरणेचा उलगडा त्याने होत नाही.

स्टीफन यांचे घराणे क्लॅपहॅम येथील धर्मनिष्ठ सुधारकांच्या परंपरेतील होते. वडील सर जेम्स स्टीफन वसाहतखात्यातील वरिष्ठ अधिकारी होते. थोरले बंधू जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे कायदेविषयक सभासद म्हणून हिंदुस्थानात आले, आणि १८७२ चा पुराव्याचा कायदा मुख्यतः त्यांच्याच हातचा होय. लेस्ली यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉलमध्ये फेलो झाल्यावर धर्मदीक्षा घेतली. पण चिकित्सक वाचनाने श्रद्धेचा आधार सुटत गेला व १८६२ मध्ये चर्चमधील उपासना चालविण्यास नकार देऊन त्यांनी अध्यापकपद सोडले. १८६४ च्या अखेरीस ते लंडनला आले आणि लेखणीवर उपजीविका करू लागले. १८७५ मध्ये त्यांनी धर्मदीक्षेचा विधिपूर्वक त्याग केला. त्या दस्तऐवजावर साक्षीदार म्हणून टॉमस हार्डी यांची सही आहे.

या घटनेचा त्यांच्या टीकेशी निकटचा संबंध आहे. धर्म गेला, पण धर्माने लावलेली कर्तव्याची शिस्त गेली नाही. ईश्वराच्या आज्ञेवाचून नीतीला आधार कोणता, हा प्रश्न त्यांच्या सर्व लेखनाच्या तळाशी आहे. ‘सायन्स ऑफ एथिक्स’ (१८८२) मध्ये त्याचे शास्त्रीय उत्तर देण्याचा प्रयत्न आहे, तर ‘अवर्स इन अ लायब्ररी’च्या तीन मालांत (१८७४, १८७६, १८७९) तोच प्रश्न ग्रंथकारांच्या संदर्भात उभा राहतो. एखादा ग्रंथ कसा रचला आहे यापेक्षा तो लिहिणारा माणूस जीवनाकडे कोणत्या वृत्तीने पाहतो, हे शोधण्यात स्टीफन यांना अधिक रस असे. डीफो यांच्या कादंबऱ्यांवरील निबंध या दृष्टीने लक्षणीय आहे. खोटी गोष्ट खरी भासविण्यासाठी डीफो बारीकसारीक तपशिलांचा वापर कसा करतात याचे तेथील विश्लेषण मार्मिक आहे. तथापि निबंधाचा रोख लवकरच तंत्रावरून स्वभावाकडे वळतो.

‘हिस्टरी ऑफ इंग्लिश थॉट इन द एटीन्थ सेंच्युरी’ (१८७६) या द्विखंडात्मक ग्रंथात याच वृत्तीला इतिहासाची जोड मिळाली. ह्यूम यांचा युक्तिवाद तर्कदृष्ट्या इतका समर्थ असूनही समकालीनांवर त्याचा प्रभाव इतका अल्प का पडला, या प्रश्नापासून ग्रंथाचा आरंभ होतो. विचार केवळ तर्काच्या बळावर जिंकत नाहीत. समाजाच्या गरजा व सवयी त्यांना उचलून धरतात किंवा मरू देतात, असा स्टीफन यांचा निष्कर्ष आहे. आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या व १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनी हाच विचार वाङ्मयाला लावला, आणि वाचकवर्ग बदलला की वाङ्मयप्रकार कसे बदलतात हे दाखविले. वाङ्मयाच्या समाजशास्त्रीय अभ्यासाचे बीज येथे स्पष्ट दिसते.

स्टीफन यांच्या टीकेचे बळ आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी पाहावयाची असेल, तर वर्ड्स्वर्थ यांच्या नीतिविचारावरील निबंध घ्यावा. तो प्रथम १८७६ मध्ये ‘कॉर्नहिल’ मासिकात प्रसिद्ध झाला. वर्ड्स्वर्थ यांच्या कवितेत सुसंगत असे नीतिदर्शन आहे आणि ते तत्त्वज्ञाच्या सिद्धान्ताप्रमाणे मांडून दाखविता येते, असे त्यात प्रतिपादन आहे. १८७९ मध्ये वर्ड्स्वर्थ यांच्या निवडक कवितांना प्रस्तावना लिहिताना मॅथ्यू आर्नल्ड यांनी या मताला हरकत घेतली. कवीचे तत्त्वज्ञान वेगळे काढून त्याची थोरवी गाणारे भक्तच कवीचे नुकसान करतात, कारण खरी वस्तू कविता होय, तत्त्वज्ञान हा आभास, असा त्यांचा आक्षेप होता.

वाङ्मयविचाराच्या दृष्टीने आर्नल्ड यांची बाजू सरस आहे, हे मान्य करावे लागते. कवितेतून काढलेला सिद्धान्त कवितेइतका मोलाचा असता, तर कवितेची गरजच उरली नसती. परंतु स्टीफन यांच्या निबंधातील एक विधान या वादात दुर्लक्षित राहिले. मोठ्या दुःखाच्या वेळी इतर कविता क्षुल्लक वाटू लागते, एकट्या वर्ड्स्वर्थची शक्ती टिकून राहते, अशा आशयाचे ते विधान आहे. निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी वर्षही उलटले नव्हते तोच, नोव्हेंबर १८७५ मध्ये, त्यांच्या पहिल्या पत्नी, थॅकरे यांच्या कन्या, मरण पावल्या होत्या. निबंधात याचा उच्चार नाही. परलोकाचे सांत्वन ज्याने स्वतःहून नाकारले, त्याला शोकात आधार कोठे मिळणार, हा प्रश्न तेथे सिद्धान्ताच्या भाषेआड उभा आहे. ज्याला आर्नल्ड यांनी तत्त्वज्ञानाचा हव्यास मानले, तो वस्तुतः एका श्रद्धाहीन मनाने चालविलेला आधाराचा शोध होता.

हाच संयम चरित्रकार स्टीफन यांच्या ठायी पद्धतीचे रूप घेतो. प्रकाशक जॉर्ज स्मिथ यांच्या योजनेनुसार १८८२ मध्ये त्यांनी चरित्रकोशाचे संपादन हाती घेतले. पहिला खंड १८८५ मध्ये निघाला, आणि १९०० पर्यंत मूळ मालेचे ६३ खंड पूर्ण झाले. अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यामुळे स्टीफन १८९१ मध्ये निवृत्त झाले व सिडनी ली यांनी ते काम पुढे नेले. स्टीफन यांच्या स्वतःच्या ३७८ नोंदी कोशात आहेत. स्तुतिसुमने नकोत, उपदेश नको, तारखा व घटना अचूक हव्यात, हा त्यांचा दंडक होता. शोकाकुल नातलगांनी जाडजूड स्मृतिचरित्रे काढण्याच्या त्या काळात हा दंडक क्रांतिकारकच म्हणावयास हवा. या शिस्तीलाही उणिवा होत्या. कोशात स्त्रियांची संख्या फारच अल्प होती, आणि त्यात मोलकरणींची चरित्रे नाहीत याबद्दल खुद्द व्हर्जिनिया वुल्फ यांनी ‘थ्री गिनीज’ (१९३८) मध्ये खेद नोंदविला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६० खंडांच्या नव्या ऑक्सफर्ड आवृत्तीने स्त्रियांना अधिक जागा दिली. मात्र जुन्या कोशातील एकही व्यक्ती वगळली नाही.

या संयमाची कसोटी १८९५ मध्ये लागली. त्या वर्षी त्यांनी लिहिलेले बंधूंचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्यात जिव्हाळा आहे, परंतु फिट्झजेम्स यांच्याशी असलेले मतभेदही झाकलेले नाहीत. त्याच वर्षी दुसऱ्या पत्नी जूलिया निवर्तल्या, आणि स्टीफन यांनी मुलांसाठी एक दीर्घ पत्र लिहावयास घेतले. घरात ‘मॉसोलियम बुक’ म्हणून ओळखले जाणारे हे लेखन १९७७ मध्ये छापले गेले. त्यात पश्चात्ताप आहे, आत्मसमर्थन आहे, आणि मुलांकडून सहानुभूतीची अपेक्षाही आहे. कोशाच्या संपादकाने जे सारे खोडून टाकले असते, तेच येथे मोकळेपणी वाहते. ‘टू द लाइटहाउस’ (१९२७) मधील मिस्टर रॅम्झी हे पात्र वुल्फ यांनी याच माणसावरून घडविले. बुद्धीने कठोर आणि घरात सहानुभूतीसाठी हपापलेला असा तो तत्त्वज्ञ आहे.

परंतु या खाजगी लेखनाच्या आधारे सार्वजनिक लेखनाला दांभिक ठरविणे युक्त होणार नाही. ज्याच्या भावना मुळातच मंद, त्याच्या संयमाला फारसे मोल नसते. स्टीफन यांचे तसे नव्हते, हे १८९५ च्या पत्राने सिद्ध केले. कलाकृतीच्या घाटाविषयी त्यांच्याकडून शिकण्यासारखे थोडे आहे. पण ग्रंथामागील माणसाला न्याय देताना स्वतःचे दुःख, प्रेम वा अभिमान निकालात मिसळू द्यावयाचा नाही, ही त्यांची शिस्त टीकाकाराला आणि चरित्रकाराला सारखीच उपयोगी आहे. ती किती महाग पडते, याचाही पुरावा त्यांच्याच कागदपत्रांत आहे.