कानाच्या पाठात राहून गेलेला प्रश्न

इयत्ता नववीच्या २०१७ सालच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'ध्वनीचा अभ्यास' या पाठात मानवी कानाचे वर्णन आहे. बाह्यकर्ण, मध्यकर्ण, आंतरकर्ण अशी क्रमाने ओळख होते. ध्वनीच्याच पाठात कान यावा, हे आम्हाला योग्य वाटते. कंपने शिकल्यावर ती ऐकू कशी येतात, हे विचारायची तीच वेळ असते. आमची तक्रार वेगळी आहे. कंपने शंखासारख्या कर्णावर्तात पोचतात आणि तेथून विद्युत संकेतांच्या रूपाने मेंदूकडे जातात, एवढ्यावर वर्णन थांबते. आवाजाचा रस्ता कळतो. वाटेत काय घडते ते कळत नाही.

रोह्याला धावीर महाराजांच्या पालखीच्या गर्दीत उभा असलेला एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. ढोल, झांज, मित्राची हाक हे सारे आवाज त्याच्या कानाचा एकच पडदा एकाच वेळी हलवतात. मग त्याला ढोल वेगळा आणि झांज वेगळी कशी ऐकू येते? पाठात हा प्रश्न यायला हवा होता.

उत्तर कर्णावर्तात आहे. त्यात सुमारे ३५ मिलिमीटर लांबीची एक पातळ पट्टी असते. मध्यकर्णाकडील टोकाला ती अरुंद व ताठ, तर आतल्या टोकाला रुंद व लवचीक असते. झांजेची जलद कंपने सुरुवातीचाच भाग जोराने हलवतात. ढोलाची संथ कंपने आतपर्यंत जातात. मूळचे टेलिफोन क्षेत्रातले संशोधक गेओर्ग फॉन बेकेशी यांनी ही हालचाल प्रयोगाने दाखवली व त्यासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पट्टीवर सुमारे १५ हजार केशपेशी असतात. जो भाग हलतो तेथील पेशींकडून संकेत निघतो. म्हणजे आवाजांची निवड कानातच सुरू होते.

हा भाग गाळल्याने नुकसान होते. फार मोठ्या आवाजाने केशपेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. बहुधा पहिला फटका ४००० हर्ट्झच्या आसपास बसतो. अशा मुलाला आपले बोलणे ऐकू येते, पण 'स', 'श', 'फ' निसटतात. शुद्धलेखनात चुका होतात आणि आपण शेरा मारतो, 'लक्ष देत नाही'. कानाचा पाठ नीट शिकलेला शिक्षक आधी कान तपासून घ्यायला सांगेल.

उपाय खर्चाचा नाही. पेणच्या शाळांना शाडूची माती परकी नाही. कागदाची ३५ सेंटिमीटर लांब पट्टी कापा. ती एका टोकाला १, दुसऱ्या टोकाला ५ मिलिमीटर रुंद ठेवा. ही खऱ्या पट्टीची दहापट प्रतिकृती झाली. अरुंद टोकापासून सुमारे १२ सेंटिमीटरवर लाल खूण करा. ४००० हर्ट्झची जागा साधारण तीच. मग मातीची निमुळती वळी करून तिच्यावर पट्टी चिकटवा आणि अडीच वेढे द्या. वळी निमुळती होते तिकडेच पट्टी रुंद होते, हे मुलांना स्वतःच दिसू द्या.

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीआधी हा तास घेता आला तर उत्तम. लाल खुणेकडे बोट दाखवून मुलांना विचारावे, 'ध्वनिवर्धकाच्या अगदी जवळ तासभर उभे राहिलो, तर येथे काय होईल?'