सुन् त्झूच्या युद्धग्रंथातील ‘शि’ : संज्ञेच्या भाषांतराचा एक प्रश्न

सुन् त्झूचा तेरा प्रकरणांचा युद्धग्रंथ आपल्याकडे बहुधा इंग्रजी भाषांतरांच्या द्वारेच वाचला जातो. मूळ ग्रंथ लहान, सुमारे सहा हजार अक्षरचिन्हांचा आहे. इतक्या आटोपशीर रचनेत एखादी पारिभाषिक संज्ञा चुकीची लावली गेली, तर सबंध सिद्धांताचा तोल ढळतो. पाचव्या प्रकरणाचे शीर्षक असलेली ‘शि’ ही अशीच एक संज्ञा होय.

लायोनेल जाइल्स (१९१०) व सॅम्युएल ग्रिफिथ (१९६३) या दोघांनीही त्या शीर्षकासाठी ‘एनर्जी’ हा शब्द योजिला. त्यावरून मराठीत ‘शक्ती’ हा पर्याय सहज सुचतो. आणि कौटिल्याच्या मंत्रशक्ती, प्रभुशक्ती व उत्साहशक्ती या त्रयीशी परिचित असलेल्या वाचकास तो समाधानकारकही वाटेल. परंतु नेमका येथेच घोटाळा होतो. कौटिल्याची शक्ती राजाच्या ठायी वसते. त्याचे ज्ञान, कोश, सैन्य व पराक्रम ही तिची अधिष्ठाने. ‘शि’ मात्र कोणाही व्यक्तीच्या ठायी नसते. ती मांडणीत असते.

ग्रंथातील दृष्टांत पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. उंच पर्वतावरून घरंगळणारा वाटोळा धोंडा आणि ताणून धरलेले यांत्रिक धनुष्य ही ‘शि’ची उदाहरणे म्हणून येतात. धोंडा सपाटीवर स्वस्थ राहतो आणि उतारावर अनावर होतो. दोन्ही ठिकाणी धोंडा तोच असतो. बदलते ते केवळ त्याचे स्थान.

लिपीचा पुरावाही याच दिशेने जातो. ‘शि’च्या प्रचलित अक्षरचिन्हात ‘बल’ हा अर्थ दर्शविणारा घटक तळाशी आहे. १९७२ साली शान्तुंग प्रांतातील यिन्-छ्युए-शान येथील हान-कालीन थडग्यात या ग्रंथाच्या वेळूच्या पट्ट्या सापडल्या. त्यांवर ही संज्ञा तो घटक नसलेल्या जुन्या चिन्हाने लिहिलेली आढळते. अक्षराच्या घडणीवरून शब्दाचा अर्थ ठरत नाही, हे भाषाभ्यासकास सांगावयास नको. तथापि चिन्हात ‘बल’ दिसते म्हणून अर्थही बलच, हा युक्तिवाद यामुळे लटका पडतो.

प्रश्न केवळ कोशापुरता नाही. कुशल सेनानी विजयाची अपेक्षा ‘शि’पासून करतो, आपल्या माणसांपासून नव्हे, असे हे प्रकरण सांगते. ‘शि’ म्हणजे शक्ती असे मानल्यास या विधानाचा रोखच उलटतो : शक्ती अखेर सैनिकांची, म्हणून पराजयाचा दोषही सैनिकांचा. ग्रंथकाराचे म्हणणे याच्या अगदी विरुद्ध आहे. दहाव्या प्रकरणात सैन्याच्या दुर्दशेचे सहा प्रकार सांगून, त्यांस दैवी आपत्ती नव्हे तर सेनानीचा दोष कारण आहे, असे तो बजावतो. मांडणी ज्याची, उत्तरदायित्व त्याचे.

अर्थात याची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. उत्तरदायित्वातून मुक्त झालेला सैनिक या उपमेत कर्तृत्वातूनही मुक्त होतो. तो ओंडका किंवा धोंडा ठरतो. अकराव्या प्रकरणात सैन्यास परतीची वाट नसलेल्या भूमीवर मुद्दाम नेण्याचा उपदेश आहे, तो याच विचाराची कठोर परिणती होय. या ग्रंथास मानवतावादी ठरविणाऱ्यांनी हे स्थळ पुन्हा वाचावे.

मग मराठी पर्याय कोणता? ‘परिस्थिती’ हा शब्द फार निश्चेष्ट आहे. शिवाय तो चौथ्या प्रकरणातील ‘शिङ्’, म्हणजे आकार किंवा रचना, या संज्ञेच्या हद्दीत शिरतो. ‘ओघ’ धोंड्यास कसाबसा लागू पडेल, पण ताणलेल्या धनुष्यात ओघ नसतो. तेथे असतो तो साठविलेला आवेग. पदार्थविज्ञानातील ‘स्थितिज ऊर्जा’ ही कल्पना सर्वांत जवळची असली, तरी ती मोजमापाची आहे. ‘शि’ ही सेनानीने हेतुपुरस्सर घडवावयाची गोष्ट आहे. रॉजर एम्स यांच्या १९९३ च्या भाषांतरात व्यूहात्मक अनुकूलता अशा अर्थाचा पर्याय असून मूळ संज्ञाही सोबत ठेवली आहे. हीच पद्धती आपणही स्वीकारावी. ‘स्थितिबल’ असा शब्द योजून पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘शि’ हे मूळ नाव द्यावे. ‘स्थितिबल’ निर्दोष नाही. परंतु बल कोठून येते, हे तो शब्द लपवीत नाही, आणि प्रस्तुत ग्रंथाच्या भाषांतरात तेवढी अट तरी पाळली गेलीच पाहिजे.